स्कोपबाहेरचं पाणी

ते वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. प्रकल्पाच्या कागदात चौथ्या पानावर ‘या प्रकल्पात समाविष्ट नसलेली कामे’ असा मथळा आहे आणि त्याखाली पहिलीच ओळ आहे : ‘शौचालयासाठी पाण्याची जोडणी.’ ती मी लिहिली, मीच बैठकीत वाचून दाखवली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मान लववून त्या घेतल्याही. त्यामुळे पुढे जो संताप येणार आहे त्यातला पहिला वाटा माझा. बाकीचा मात्र मी वाटून टाकणार आहे, तो एकट्याने गिळण्याइतका लहान नाही.

माझी सगळी नोकरी कामांच्या नियोजनात गेली. दीपनगरच्या वीज केंद्रात उभारणीची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मी होतो. कुठलं काम कधी सुरू होणार, कशावर अडणार, कुणाला क्रेन आधी लागणार, हे भिंतभर तक्त्यावर आखायचं आणि मग ते तसं होत नाही म्हणून दिवसभर चिडायचं, हा माझा पेशा. निवृत्त होऊन जळगावला राहायला आलो तेव्हा ही सवय सोबत आली. गॅसचं सिलिंडर कधी संपेल याचा तक्ता मी फ्रिजवर लावला. बायकोने तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “हे ज्यांना लागतं त्यांच्यात जा.”

अशा लोकांची संघटना आहे. प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींची, देशभर पसरलेली, आणि जळगाव-धुळे मिळून तिची एक शाखा. रस्तेवाले, पाइप कारखान्यातले, सॉफ्टवेअरवाले, इमारती उभ्या करणारे, सगळे त्यात. बैठक एका महिन्यात जळगावला, दुसऱ्या महिन्यात धुळ्याला. जळगावला झाली की धुळेकर आमच्या वांग्याच्या भरताला नावं ठेवायचे, धुळ्याला झाली की आम्ही त्यांच्या शेवभाजीला. मी तिथे स्वयंसेवक झालो. परीक्षेला बसणाऱ्या तरुण मुलामुलींचे अर्ज तपासायचे, रविवारी सकाळी त्यांना शिकवायचं, अडलं तिथे हात द्यायचा. हे काम मला मनापासून आवडलं आणि अजूनही आवडतं. मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल की म्हाताऱ्याला सगळीकडे किडेच दिसतात.

पण आमच्याकडे एक पद्धत आहे. आपलं प्रमाणपत्र टिकवायचं तर दर काही वर्षांनी ठरावीक तास भरून दाखवावे लागतात, आणि संघटनेसाठी केलेल्या सेवेचे तास त्यात धरतात. पद्धत वाईट नाही. फक्त तिच्यामुळे सेवेला येणाऱ्यांपेक्षा तास लिहायला येणारे जास्त होतात. कुणी घरी सोफ्यावर बसून ‘ऑनलाइन समन्वय’ केला म्हणून आपल्या नावावर दहा तास लावायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटावर बसल्याचे तासही मोजायचे.

आमचे अध्यक्ष धुळ्याचे. महामार्गाच्या कामावर मोठ्या हुद्द्यावर होते, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड. मला ते साहेब म्हणायचे. त्या वर्षी संघटनेच्या वरच्या कार्यालयाने जाहीर केलं की ज्या शाखेचा समाजोपयोगी प्रकल्प सर्वांत चांगला असेल तिला पुरस्कार मिळेल. झालं, अध्यक्षांच्या अंगात आलं. “साहेब, मोठ्या शहरांच्या शाखांना दाखवून देऊ,” म्हणाले. मलाही दाखवून द्यायचं होतं. छोट्या गावच्या माणसाला ही खाज असतेच.

प्रकल्प मीच शोधला. असोद्याच्या पुढे एका गावात माध्यमिक शाळा आहे. तिथल्या मुलींचं शौचालय पडून दोन वर्षं झाली होती. मी आणि अध्यक्ष शाळा बघायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. बाई नव्याने बदलून आलेल्या, रोज जळगावहून बसने यायच्या. अंगाने किरकोळ, पण एकेक शब्द खिळा ठोकल्यासारखा. तिथे नुसत्या चार विटा आणि बाभळीचं झुडूप होतं. त्या म्हणाल्या, “मुलींना तीन गोष्टी हव्यात. भिंत हवी, आतून लागणारी कडी हवी आणि पाणी हवं.”

मी डायरीत तिन्ही लिहून घेतल्या. डायरी अजून माझ्याकडे आहे. त्यात ‘पाणी’ या शब्दाखाली मी रेघही मारलेली आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची पळवाटही मी स्वतःच बुजवून ठेवली.

मग नियोजनाची बैठक झाली, अर्थात ऑनलाइन. पडद्यावर सगळे चौकोनात बसलेले. आमच्या शास्त्रात एक यादी करतात, काय काय बिनसू शकतं त्याची. तिला आम्ही रिस्क रजिस्टर म्हणतो. एकेक धोका लिहायचा आणि त्यासमोर उपाय लिहायचा. पाण्याचा विषय निघाला. ग्रामपंचायतीची पाण्याची लाइन गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती शाळेपर्यंत आणायची तर परवानगी लागणार, ठराव लागणार, आणि ठराव कधी होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पुरस्काराच्या अर्जाची मुदत मात्र ठरलेली. तेव्हा मी, तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, घसा साफ करून म्हणालो, “हा धोका आपण स्वीकारायचाच कशाला? पाणीजोडणी स्कोपच्या बाहेर ठेवू. भिंती, दारं, भांडी, वर टाकी, एवढं आपलं. ते वेळेत होतं.”

स्कोप म्हणजे कामाची हद्द. अमुक एवढं आमचं, त्यापलीकडचं आमचं नाही. टाकी हद्दीत होती, टाकीत येणारं पाणी हद्दीबाहेर. एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट एक जण म्हणाला, “याला म्हणतात अनुभव.” आणि त्या टाळ्या. गवंड्याने असं केलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. ही चूक करायला शिकलेलाच माणूस लागतो, आणि तोही आमच्या शास्त्रात शिकलेला.

कागद तयार झाला आणि बाईंकडे सहीला गेला. बावीस पानं, बरीचशी इंग्रजीत. त्यांनी सही केली.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. सोनगीरकडचे एक गवंडी नाना अध्यक्षांच्या ओळखीचे, ते आपली माणसं घेऊन आले आणि शाळेच्याच एका खोलीत राहिले. नानांचा हात सुरेख. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाया घेतला, आणि कमरेवर हात ठेवून मला अहिराणीत विचारलं, “भाऊ, कागदवर तर बठ्ठं शे, पन आठे पानी कोठे शे?”

मी म्हणालो, “नाना, बांधकामाला टँकर येईल, त्याची काळजी नको.”

“बांधकामले नही विचारी राहिनू,” नाना म्हणाले. “पोरीस्ले विचारी राहिनू.”

अध्यक्ष शेजारी उभे होते. त्यांनी हसून नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “नाना, तुम्ही भिंतीचं बघा. बाकीचं बघायला आम्ही एवढे लोक आहोत.” नाना थापी उचलून कामाला लागले. मीही माझा तक्ता उघडला.

आणि टँकर आला, चांगला दिवसाआड आला. माझ्याच तक्त्यात तो होता, निळ्या पट्टीने दाखवलेला. नव्या सिमेंटला पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. एकवीस दिवस आम्ही त्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं. भिंतीला तहान लागते हे आमच्या कागदात होतं. आज ते आठवलं की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

जानेवारीच्या शेवटी उद्घाटन झालं. फीत, नारळ, शाली, आणि संघटनेचं नाव छापलेले एकसारखे टी-शर्ट घालून आलेले चाळीस स्वयंसेवक. यांतल्या तीसेक जणांना मी तिथे आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्या दिवशी भिंतीवर फुलं रंगवायचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने ब्रश हातात धरून फोटो काढला, दोन पाकळ्या रंगवल्या आणि चार तास लावले. राहिलेल्या पाकळ्या शाळेच्या मुलींनीच पूर्ण केल्या. वरच्या काळ्या टाकीवर पांढऱ्या अक्षरांत आमच्या संघटनेचं नाव होतं, रस्त्यावरूनही वाचता यायचं.

भाषणं झाल्यावर एका पाहुण्या बाईंना जायचं होतं. नवीन शौचालय समोर, आत्ताच फीत कापलेली. त्या गेल्या आणि दोन मिनिटांनी दाराच्या फटीतून हाक आली. शाळेत शिपाई म्हणून एक अक्का आहेत, पन्नाशीच्या, गावातल्याच. त्या बादली घेऊन हापशावर धावल्या. हापसा चौकात. बादली येईपर्यंत बाई आतच. बाहेर आम्ही मंडळी मोठमोठ्याने दुसरंच काहीतरी बोलत उभे राहिलो. परत जाताना अक्का माझ्याजवळून गेल्या, पदराने मान पुसत म्हणाल्या, “एका बाईले एक बादली. दीडशे पोरी हायेत भाऊ. मले का वरून चार हात फुटनार हायेत?”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी शौचालयाला कुलूप लावलं.

हे मला फेब्रुवारीच्या अखेरीस कळलं. अध्यक्षांचा फोन आला. पुरस्काराच्या अर्जाला सगळं जोडून झालं होतं, तक्ते, फोटो, अहवाल. फक्त एक कागद राहिला होता : ज्यांच्यासाठी काम केलं त्यांची स्वीकृती. ‘काम समाधानकारक पूर्ण झाले’ आणि खाली सही. “बाई सही देत नाहीत, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “तुमचं तिथे वजन आहे. जरा जाऊन या.”

मी गेलो. स्कूटरवर बावीस पानांची फाइल लावून गेलो, आणि खरं सांगायचं तर रस्ताभर बाईंवर चिडत गेलो. फुकटात इमारत मिळाली आणि वर मिजास, असं माझ्या मनात चाललं होतं. दुपार टळली होती, पण ऊन असं की स्कूटरच्या सीटवर हात ठेववेना. बाईंच्या खोलीत पंखा होता, वीज नव्हती. मी फाइल उघडून चौथं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, “मॅडम, हे लेखी आहे. पाणी आमच्या कामात नव्हतं. खाली तुमची सही आहे.”

त्यांनी पान वाचलं. मग स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. “ही माझीच आहे,” म्हणाल्या. “सर, चूक माझी. शौचालय म्हटल्यावर पाणी वेगळं मागावं लागतं हे मला माहीत नव्हतं.”

मला मिरची झोंबली. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “पाच मिनिटांत शाळा सुटेल. फाटकाशी उभे राहा. मुलींच्या बाटल्या बघा. मग सहीचं बोलू.”

शाळेत प्यायच्या पाण्याचीही सोय नव्हती, मुली घरून बाटली आणायच्या. मी फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो. तिथे आत एक गुलमोहराचं झाड होतं, पुरुषभर उंचीचं, कोवळं. एवढ्या उन्हात ते मात्र हिरवंगार. घंटा झाली. मुलगे सुसाट निघून गेले. मग मुली आल्या, दोघी-तिघींच्या घोळक्याने, गप्पा मारत. प्रत्येक मुलगी गुलमोहराशी जरा थांबायची, दप्तरातून बाटली काढायची, झाकण उघडायची आणि भरलेली बाटली झाडाच्या बुंध्याशी ओतून पुढे जायची. बोलणंसुद्धा थांबवायच्या नाहीत. रोजचंच काम. सकाळी भरलेली बाटली, पाच वाजता तशीच.

मला कळायला वेळ लागला. माझ्या मागे अक्का उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, “पेल्या तर जावं लागंल ना भाऊ. जातीन कुठी? म्हनून पेतच नही. अन् भरेल बाटली घरी नेली तं माय वरडते, म्हनून झाडाले घालून देतात.” मग हळू आवाजात म्हणाल्या की नववीतल्या दोघींना लघवीला आग होते म्हणून डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. एक अजून शाळेत आलेली नाही.

मी परत बाईंच्या खोलीत गेलो नाही. मला तोंड नव्हतं. फाइल तिथेच टेबलावर राहिली.

घरी आलो आणि अध्यक्षांना फोन लावला. सगळं सांगितलं. आवाज चढला होता, बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. अध्यक्ष शांतपणे ऐकून घेत होते, त्यानेच मी जास्त पेटत होतो. शेवटी ते म्हणाले, “साहेब, तुमची तळमळ समजते. पण पद्धत तुम्हीच आम्हाला शिकवली. स्कोपमध्ये बदल करायचा तर बदलाचा अर्ज द्या, समितीपुढे ठेवू.”

दिला अर्ज, माझाच नमुना होता, मीच वर्षापूर्वी तयार केलेला. कारण, परिणाम, लागणारा वेळ, सगळे रकाने भरले. ‘बदल न केल्यास होणारा परिणाम’ या रकान्यात लिहिलं : ‘मुली पाणी पीत नाहीत.’ आठ दिवसांनी समितीची बैठक झाली. पाच जण, दीड तास. एकाने विचारलं, हा परिणाम मोजता येतो का. दुसरा म्हणाला, मुद्दा रास्त आहे, पण प्रकल्प जानेवारीतच बंद केला असल्याने बंद प्रकल्पात बदल करता येत नाही. तिसऱ्याचं डोकं सगळ्यांत चाललं. तो म्हणाला, “पाणीजोडणी आपण पुढच्या वर्षी दुसरा टप्पा म्हणून घेऊ. म्हणजे पुढच्या वर्षीही अर्ज करता येईल.” आणि यावर पुन्हा त्या टाळ्या.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. इतिवृत्तातही ते लिहिलेलं नाही. तिथे ‘ज्येष्ठ सदस्यांनी मार्गदर्शन केले’ एवढंच आहे.

स्वीकृतीची सही त्यांनी मिळवली. बाईंची नव्हे, शाळेच्या व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांची. उद्घाटनाला त्यांना शाल मिळाली होती, त्यांनी उभ्याउभ्या सही करून दिली. त्यांना त्या शौचालयात कधी जायचं नव्हतं.

आणि पुरस्कार आम्हाला मिळाला. मार्चमध्ये धुळ्याला एका मोठ्या हॉलमध्ये समारंभ झाला, वरच्या कार्यालयातले लोक आले. पडद्यावर आमच्या शौचालयाचे फोटो, रंगवलेली फुलं, टाकीवरचं नाव. वेळेआधी दोन दिवस पूर्ण, असं निवेदिका म्हणाली. मग अध्यक्षांनी ज्यांच्या अनुभवामुळे हे शक्य झालं म्हणून माझं नाव पुकारलं. मी जागेवरच बसून राहायला हवं होतं, किंवा माइक हातात घेऊन ती झाडाची गोष्ट सांगायला हवी होती. तसं घडलं असतं तर आज लिहायलाही बरं वाटलं असतं. मी उठलो, स्टेजवर गेलो आणि ते काचेचं स्मृतिचिन्ह घेतलं. खोटं कशाला सांगू. शेकडो लोक बघत असतात, पाय आपोआप चालतात. परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो तर गाडीतले बाकीचे म्हणाले, साहेब आज गप्प का. मी म्हणालो, झोप आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. सकाळची शाळा सुरू झाली होती. बाईंना म्हणालो, “मॅडम, संघटना सोडा. मी एकटा काय करू शकतो ते सांगा.” बाई हजेरीपटावर सह्या करत राहिल्या. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नव्हतं. बोलल्या त्या अक्का. शौचालयाच्या मागच्या भिंतीकडे हात करून म्हणाल्या, “त्या आबांची हीर हाये तथी. केळीले रातंदिन पानी चालते.”

भिंतीपलीकडे केळीचा मळा होता. मी शाळेत वीसेक वेळा आलो असेन, ती केळी दर वेळी दिसली असतील. विहीर दिसली नाही. भिंतीवरून डोकावून पावलं मोजली, तीससुद्धा भरत नव्हती. मी चिडून विचारलं की मग आजवर कुणी त्यांच्याकडे गेलं का नाही. तेव्हा कळलं की कुंपणावरून शाळेचा आणि त्या शेतकरी आबांचा जुना वाद. दोन मुख्याध्यापकांपूर्वीचा. तेव्हापासून बोलणं बंद. नव्या बाईंना व्यवस्थापनाने बजावलेलं, तिकडे जायचं नाही. अक्का पगारी शिपाई, त्या कशा जाणार. म्हणजे जायला बाहेरचा माणूस हवा होता. असे चाळीस बाहेरचे टी-शर्ट घालून येऊन गेले होते.

मी गेलो. आबा बांधावर बसून ठिबकच्या नळीचं तोंड साफ करत होते. मी कोण, कुठला, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. कुंपणाचंही बोललो, म्हटलं वाद असेल तर माझ्याशी नाही. ते ऐकत होते, नळीत फुंकर मारत होते. शेवटी म्हणाले, “वाद मास्तरसंगं होता. पोरी तं आमच्याच गावच्या हायेत. माझी नातबी तथीच हाये सातवीत.”

“मग आबा, तुम्ही तरी...”

“मले कोनी इचारलंच नही,” ते म्हणाले.

रिस्क रजिस्टरच्या अकरा ओळी मला पाठ होत्या. त्यांत ‘शेजाऱ्याला विचारावे’ अशी ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दोन माणसं लावली. विहिरीच्या लाइनला जोड दिला, भिंतीला भोक पाडलं, पाइप टाकीपर्यंत चढवला. शेतीची वीज होती तोवर टाकी भरून घेतली. नाश्त्याच्या वेळेपर्यंत काम संपलं. बाईंनी आबांकडून चार ओळींचं संमतिपत्र घेतलं, मराठीत, आणि त्यांना वाचून दाखवून मग सही घेतली. मग पदराच्या गाठीतली किल्ली अक्कांनी काढली आणि कुलूप उघडलं. मुली रांगेत उभ्या राहिल्या. मी फाटकाबाहेर जाऊन थांबलो, तिथे माझं काही काम नव्हतं.

हे सगळं माझ्याकडून कुणालाच कळलं नव्हतं, पण खेड्यात काही लपत नाही. एप्रिलमध्ये अध्यक्षांचा फोन आला. “साहेब, छुपे रुस्तम निघालात! दुसरा टप्पा पूर्ण केला आणि सांगितलंसुद्धा नाही. बघायला येतो.” मी नको म्हणालो. तरी आले, धुळ्याहून गाडी घेऊन, दोन स्वयंसेवकांसह.

शाळा नुकतीच सुटली होती. मुली बाटल्या हलवत, उरलंसुरलं पाणी पीत निघाल्या होत्या. कुणीही गुलमोहराशी थांबलं नाही. झाडाची पानं मलूल झाली होती, बुंध्याची माती भेगाळली होती. मी ती माती बघत उभा होतो. किती दिवसांनी माझ्या जिवाला बरं वाटत होतं.

अध्यक्षांनीही झाड बघितलं. जवळ गेले, एक पान तोडून चुरलं. “अरेरे,” म्हणाले. “झाड सुकतंय. साहेब, वृक्षसंवर्धनाचा प्रकल्प घेऊ या इथे. झाडाला पाणी घालायला स्वयंसेवकांच्या पाळ्या लावू.”

मी आयुष्यात त्यांच्यावर इतक्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. “सुकू द्या ते झाड!” रस्त्यावरच्या मुलीसुद्धा वळून बघायला लागल्या. “हात लावू नका त्याला. सुकू द्या!” अध्यक्षांना काहीच कळेना. ते झाड हिरवं होतं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

अक्का मागून आल्या, हातात भरलेली बादली. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “सुकनार काब्रं?” म्हणाल्या. “नळ हाये ना आता.” आणि वाकून त्या बुंध्याशी पाणी ओतू लागल्या.

अध्यक्षांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दोन पावलं मागे जाऊन समोर धरला. मी त्यांच्या आणि अक्कांच्या मधे जाऊन उभा राहिलो, आणि बादली रिकामी होईपर्यंत हललो नाही.